सान्वीची एक वाटी

सान्वीनं आज काही खाल्लं नाही, ही बातमी सकाळी साडेनऊच्या आत चौथ्या मजल्यावर पोचलेली असायची. सान्वीची आई अंबिका राहायची दुसऱ्या मजल्यावर. बातमी घेऊन कुणी वर जात नसे. सान्वी स्वतःच ती देई, आणि तिच्या आवाजाचं असं होतं की जिना चढताना तो दमत नसे, उलट वर गेल्यावर त्याला जोर येई. मग दुपारपर्यंत वरून सल्ले खाली यायला लागत. वर एक आवाज गेलेला असे, खाली सात-आठ सल्ले येत. भाईंदर पश्चिमेच्या त्या सोसायटीत पाणी दिवसातून एकदाच वर चढे, पण सल्ल्यांना वेळेचं बंधन नव्हतं.

सान्वीला वर्ष पुरं होऊन महिना झाला होता. तिला चार दात होते आणि चावण्यासाठी ती ते वापरतही असे, पण फक्त आईला. अन्नाशी तिचा व्यवहार वेगळा होता. वरणभात, मऊ खिचडी, कुस्करलेलं केळं, उकडलेल्या रताळ्याचा गोळा, रव्याची खीर, दह्यात कालवलेली पोळी, सगळ्यांना तिच्याकडून सारखीच वागणूक मिळे. आधी ती घास तोंडात घेई. आईला क्षणभर आशा वाटू देई. मग जिभेनं तो सावकाश बाहेर ढकले, खिडकीतल्या कारकुनानं अपुरा अर्ज परत सरकवावा तसा. त्यात राग नसे की तक्रार नसे. नियमात बसत नाही, एवढंच.

ढकललेलं अंबिका वाटीत गोळा करी आणि सिंकपाशी उभी राहून स्वतः खाऊन टाकी. टाकवत नसे. सान्वीसाठी म्हणून घरात जे जे शिजलं, ते सगळं अंबिकेनं खाल्लं, गार झाल्यावर, उभ्याउभ्या, एका हातात चमचा आणि पाठीमागच्या खुर्चीत ते चिमुकलं गुबगुबीत ओझं ठेवून. लोक विचारत, "बाळ काय खातं?" बाळ काय खातं हे बाळाच्या आईला पाठ होतं, कारण ते तीच खात होती.

आणि तसं पाहिलं तर सान्वी उपाशीही नव्हती. सान्वी अंगावर पीत होती. पोट भरलं की ओठांच्या कोपऱ्यातून दुधाचा एक थेंब ओघळे, मूठ सैल पडे, आणि आईच्या बोटाभोवतीची तिची बोटं एकेक करून सुटत. असल्या वेळी अंबिकेला वाटे की जगात कसलीच घाई नाही.

पण घाई होती. अंधेरीच्या एका विमा कंपनीत अंबिका क्लेमचे कागद तपासायची. बाळंतपणाची रजा संपली, मग बिनपगारी संपली, मग साहेबांचं सौजन्यही संपलं. एक तारखेला सोमवारी हजर व्हा, नाही तर राहू द्या, असा मेल आला. मेलमध्ये हे जास्त चांगल्या शब्दांत होतं. अंबिकेला नोकरी हवी होती. घराच्या हप्त्यासाठी तर हवी होतीच, पण दुसरंही एक कारण होतं, जे ती कुणाला सांगत नसे: त्या टेबलावर बसलं की लोक तिला अंबिका म्हणत. इथे वर्षभर ती 'सान्वीची मम्मी' होती.

तेव्हा पाळणाघर पाहायचं ठरलं. स्टेशनजवळची दोन पाहिली. एकात कार्टून होतं, दुसऱ्यात कॅमेरा होता. माणूस कुठेच दिसलं नाही. मग कुणीतरी मोरव्याच्या सरूबाईंचं नाव सांगितलं. जुन्या गावातलं कौलारू घर, पुढे शेणानं सारवलेली नव्हे पण रोज धुतलेली पडवी, आणि त्या पडवीत सहा पोरं मांडी घालून एका ओळीत जेवत होती. समोर सरूबाई. साठीच्या पुढची बाई, नाकात नथ नाही पण नथीचं भोक मोठं. तिच्या मांडीवर तिचं स्वतःचं ताट होतं.

"पोर काय खाते?" सरूबाईंनी सान्वीकडे न बघता विचारलं.

"मी सगळं देते हो. वरणभात, खिचडी, नाचणीची…"

"देतंस ते न्हाय इचारलं. खाते काय?"

अंबिकेनं सान्वीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "अजून अंगावरच आहे."

"पेऊ दे की. पेनारी पोरं हायेत माज्याकडं. पन दिसभर तू नसशील तवा?" सरूबाईंनी आता पहिल्यांदा वर पाहिलं, पण लेकीकडे नाही, आईकडे. "आनि तू कवा जेवतंस?"

"माझं काय, तिचं झालं की उरकते कसंतरी."

सरूबाईंनी मान हलवली. अंबिकेला वाटलं, बाईंना आपला त्याग पटला.

"पंधरा दिस घे," सरूबाई म्हणाल्या. "यका आईतवारी ये. माज्यासमोर यक वाटी जेवली, तर ठेवीन. न्हाय तर न्हाय. उपाशी पोर सांजपावेतो रडताना मना बगवत न्हाय."

अट एका वाटीची होती. अंबिकेनं कंपनीत याहून अवघड अटी लोकांना घातल्या होत्या आणि संध्याकाळी निवांत चहा प्यायली होती. तो चहा तिला आता आठवला.

तिच्या नवऱ्यानं, यतीननं, ही गोष्ट मनावर घेतली. तो मनावर घेई तेव्हा फोन उघडे. "यात लिहिलंय की बाळाला रंग आवडतात," तो म्हणाला आणि बिटाची लापशी केली. सान्वीनं ती नियमाप्रमाणे परत केली, पण या वेळी यतीनच्या पांढऱ्या शर्टावर. मग त्यानं विमानाचा आवाज काढून घास भरवला. विमानाचा आवाज तो चांगला काढी. सान्वी खूष होऊन हसली, तेवढ्यात घास तोंडात गेला, हसता हसताच बाहेर आला, आणि "आणखी" म्हणून तिनं टाळ्या वाजवल्या. तिला विमान हवं होतं.

शेजारच्या हंसाबेननी मुळालाच हात घातला. "अंबिकाबेन, जब तक दूध मिलता है, छोकरी क्यों खाएगी? मैंने तो मेरे तीनों का ऐसे ही छुड़ाया. नीम का पत्ता पीसने का, लगा देने का. दो दिन में खलास."

मंगळवारी दुपारी अंबिकेनं कडुनिंबाचा पाला वाटला आणि लावला. सान्वी आली, तोंड लावलं, थबकली. तिनं आईकडे पाहिलं. रडली नाही. ओळखीच्या घरी गेल्यावर दार उघडणाऱ्यानं आपल्याला ओळखूच नये, तेव्हा माणूस जसं बघेल तसं पाहिलं. मग स्वतःच्याच तळहातानं तिनं ते हिरवं पुसायला घेतलं, नीट, कोपऱ्यापर्यंत, आईला काहीतरी लागलंय आणि ते साफ केलं पाहिजे अशा काळजीनं. अंबिकेनं ओल्या फडक्यानं सगळं धुऊन काढलं, लेकीला जवळ घेतलं आणि तिच्या टाळूवर हनुवटी टेकून बराच वेळ रडली. हंसाबेनना तिनं सांगितलं की पाला मिळाला नाही.

राहिल्या सासूबाई. त्या रत्नागिरीकडे गावी असत आणि फोनवरून घर चालवत. "तुम्ही तिला देताय काय, ते लगद्यासारखं! कोण खाईल? नाचणीचं सत्त्व कर. यतीन सत्त्वावर वाढलाय."

"अहो आई, दुकानात डबा मिळतो, तो आणला होता ना."

"डब्यातलं ते मेलेलं पीठ. घरी कर. नाचणी भिजत घाल, वाट, फडक्यातून गाळ, खाली बसू दे, वरचं पाणी ओत, आणि राहिलेलं तीन दिवस कडक उन्हात वाळव. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे ते लवकरच कळलं. गाळायला मऊ, जुनं, सुती फडकं हवं होतं. घरात मऊ, जुनी, सुती अशी एकच गोष्ट होती, यतीनचं लग्नातलं उपरणं. ते गाळून गाळून विटकरी झालं. ते दोरीवर वाळताना यतीननं एकदा हात लावून पाहिलं. पातेल्याच्या तळाशी गुलबट पांढरा साका बसला आणि आता ऊन हवं होतं.

त्यांच्या घरात ऊन सकाळी सात ते सव्वासात असे. खिडकीच्या ग्रिलमध्ये ताट ठेवलं तर कबुतरं आली. ऊन खरं गच्चीवर होतं. गच्चीला कुलूप होतं. किल्ली सेक्रेटरी महिपतकाकांकडे होती.

महिपतकाका कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. जिन्याखालच्या फळ्यावर त्यांच्या सूचना असत. दोन उन्हाळ्यांपूर्वी दोन सभासदांचे पापड एकमेकांत मिसळले होते आणि प्रकरण पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत गेलं होतं. तेव्हापासून फळ्यावर पक्क्या रंगात होतं: गच्चीत कोणत्याही प्रकारचे वाळवण घालण्यास सक्त मनाई आहे.

"काका, एकच ताट आहे हो. बाळासाठी."

"बाळाचं मला कौतुकच आहे," महिपतकाका म्हणाले. "पण एका ताटाची दोन होतात. तुम्ही असं करा, लेखी अर्ज द्या. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. मग बघू."

अंबिकेनं अर्ज लिहिला. आयुष्यभर तिनं लोकांना 'सोबत आवश्यक कागदपत्रे जोडलेली नाहीत' असं लिहून परत पाठवलं होतं. आता ती डॉक्टरांकडे निघाली.

डॉक्टरीणबाईंनी सान्वीला वजनकाट्यावर ठेवलं, कार्डावर ठिपका काढला आणि म्हणाल्या, "मुलगी छान आहे. वजन बरोबर वाढतंय. पण आता नुसत्या दुधावर भागणार नाही, खायला लागायलाच हवं. दूध मात्र तोडू नका. आणखी वर्षभर, पुढेही पाजलंत तरी उत्तम. फक्त आधी जेवण, मग दूध. वेगळं काही शिजवू नका. घरात तुम्ही खाता तेच, मऊ करून, तिखट-मीठ बेतानं."

"आणि सत्त्व?"

"सत्त्व द्या की, वाईट नाही. पण तेच पाहिजे असंही नाही." त्यांनी अंबिकेकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं वजन करू या का? बारीक दिसताय."

"माझं नको. मला गच्चीसाठी पत्र हवंय."

डॉक्टरीणबाईंच्या वीस वर्षांच्या अनुभवात हे बसत नव्हतं. तरी भली बाई. तिनं लिहिलं: बाळास घरी तयार केलेले अन्न द्यावे. महिपतकाकांनी पत्र दोनदा वाचलं. "यात गच्चीचा उल्लेख नाही," ते म्हणाले. पण तेवढ्यात सान्वीनं त्यांचं पेन धरलं आणि सोडेना. काकांनी ओढलं, तिनं ओढलं. सेक्रेटरी म्हणून बारा वर्षांत त्यांच्या हातातून पेन घ्यायचा प्रयत्न कुणी केला नव्हता. शेवटी त्यांनी तसंच, तिच्या मुठीसकट, अर्जावर लिहिलं: तात्पुरती परवानगी. तीन दिवस. सकाळी नऊ ते चार. अर्जदाराने जातीने हजर राहावे.

तर अंबिका तीन दिवस गच्चीवर बसली. मे महिना, डोक्यावर काळी छत्री, पुढ्यात ताट, ताटावर ओढणी, मांडीत सान्वी. पहिल्या दिवशी गच्ची तिची एकटीची होती. टाकीच्या सावलीत बसून ती लेकीला पाजी आणि दूरवर मिठागरांचा पांढरा पट्टा चमके. सान्वी पिता पिता एक डोळा उघडून कबुतरांवर लक्ष ठेवी. त्या एका दिवसात अंबिकेला इतकं बरं वाटलं की सत्त्व वाळलं नाही तरी चालेल, असा एक विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो घाईनं घालवला.

दुसऱ्या दिवशी हंसाबेन आल्या. "गच्ची उघडी हाय ने? मारी थोडी मिरची." मिरच्यांचं सुपडं आलं. त्यांच्या मागून पहिल्या मजल्यावरची आमसुलं आली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मिनलताई, मूळच्या नाशिककडच्या, डोक्यावर पातेलं घेऊनच चढल्या. मागे त्यांचे यजमान सोऱ्या घेऊन. "दोन वर्षं झाली गं कुरडया घालून," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. अकरापर्यंत गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्लॅस्टिकचे कागद पसरले गेले, विटा ठेवल्या गेल्या, आणि दोन वर्षं लिफ्टमध्ये एकमेकींकडे न बघणाऱ्या दोन पापडवाल्या एकाच कागदाची दोन टोकं धरून उभ्या होत्या.

मग महिपतकाका आले.

"हे काय आहे?" ते म्हणाले. "मी एका ताटाला परवानगी दिली होती!"

"काका, वैद्यकीय कारण आहे," मिनलताई सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाल्या.

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच."

"महिपतभाई, आप बैठो ने, धूप लगेगी," हंसाबेन म्हणाल्या.

"मी बसायला आलेलो नाही! उद्या ही गच्ची…" आणि काकांनी नियम सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून. सगळ्या एकदम उत्तरं द्यायला लागल्या. अंबिका मध्ये उभी. हे सगळं आपल्यामुळे झालं, या विचारानं तिला घेरीच आली. सकाळपासून तिच्या पोटात सान्वीनं परत केलेली अर्धी इडली होती.

मिनलताईंचं लक्ष गेलं. कुरडया घालताना निम्मा चीक पोटात जायचा, हा त्यांच्याकडचा रिवाजच. त्यांनी पातेल्यातून गरम चिकाचा मोठा गोळा ताटलीत घातला, वर तेलाची धार सोडली आणि ताटली अंबिकेच्या हातात कोंबली. "बस खाली. आधी खा. वाद नंतर."

अंबिका बसली. छत्रीखाली मांडी घालून तिनं पहिला घास घेतला. गव्हाचा मऊ, गरम, हिंगाजिऱ्याचा चीक. तिला कळलं की आपण किती दिवस भुकेले आहोत, आणि कळल्यावर ती कुणाकडे न बघता, अधाशासारखी खात सुटली. काकांचा नियम क्रमांक चार चालू होता. सान्वी रांगत आली. आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली. आणि तिनं आपला पंजा ताटलीत घालून मूठभर चीक तोंडात कोंबला.

अंबिका घास हातात तसाच धरून थांबली. आता बाहेर येईल. जीभ आली, ओठांवरून फिरली, आत गेली. सान्वीनं गिळलं. मग पुन्हा पंजा घातला.

नियम क्रमांक चार अर्ध्यावर राहिला. अठरा माणसं एका वर्षाच्या मुलीच्या गळ्याकडे बघत होती. सहा घास. सातवा तिनं केसांना लावला.

"गिळलं," महिपतकाका हळूच म्हणाले. त्यांनी घसा साफ केला. "हे… हे कुठेतरी नोंदवून ठेवायला पाहिजे."

गच्ची उघडी राहिली. फळ्यावर नवीन सूचना लागली, तिची भाषा जुनीच होती, फक्त 'सक्त मनाई'च्या जागी 'रविवारी परवानगी' आलं होतं.

घरात आनंदीआनंद. उत्तर सापडलं होतं: चीक. सत्त्वाचं पीठ डब्यात भरून बाजूला ठेवलं गेलं. त्याची लापशी सान्वीनं एकदा चाखून रीतसर परत केली होती, आणि सासूबाईंना फोनवर सांगितलं होतं की आवडीनं खाते. यतीननं दोन किलो गहू भिजत घातले. गहू तीन दिवस आंबतात. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर असा वास सुटला की खालच्यांनी टाकी साफ करायची मागणी केली. पण यतीन डगमगला नाही. वाटलं, गाळलं (उपरण्याची आता शोभा उरली नव्हतीच), निवळलं, शिजवलं. अंबिकेनं वाटीत चीक घेतला, वर तेलाची धार सोडली, अगदी तशीच. सान्वीला खुर्चीत बसवलं, गळ्याला लाळेरं बांधलं, समोर उकिडवी बसली. यतीन मागे विमान तयार ठेवून उभा.

"आ कर, सोनू. चीक. चीईईक."

सान्वीनं आ केलं. घास घेतला. क्षणभर आशा वाटू दिली. आणि जिभेनं सावकाश बाहेर ढकलला.

अंबिकेनं वाटी उचलली, सिंकपाशी गेली आणि उभी राहून ती खाल्ली. दोन किलो गव्हाचा चीक होता. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तिनं तोच खाल्ला.

रविवारी ती एकटीच सान्वीला घेऊन रिक्षानं मोरव्याला गेली. यतीन येतो म्हणत होता, पण त्याच्यासमोर हरायची तिची तयारी नव्हती. रिक्षात तिनं साहेबांना लिहायचा मेल मनात जुळवला. 'वैयक्तिक कारणास्तव' असं आपण लिहू, तिनं ठरवलं. वैयक्तिक कारण मांडीत बसून रिक्षाच्या पडद्याशी खेळत होतं.

पडवीत आज पोरं नव्हती. सरूबाईंनी वाटीत भात आणि तुरीचं वरण कालवलं, सान्वीला पाटावर बसवलं आणि घास पुढे केला. सान्वीनं घेतला. आशा वाटू दिली. परत केला. दुसरा. परत. तिसऱ्याला तिनं ओठच मिटले, दार लावून घ्यावं तसे.

"बरं," सरूबाई म्हणाल्या आणि वाटी खाली ठेवली.

झालं. अंबिकेनं पिशवीचे बंद ओढले. लाळेरं आत टाकलं. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती उगाच पिशवीत काहीतरी शोधत राहिली. इतक्यात तिच्यापुढे काहीतरी खणकन वाजलं. ताट होतं. भाताचा ढीग, वरण, कडेला तळलेल्या बोंबलाचे दोन तुकडे, वाफ निघत होती.

"जेव."

"नको, सरूबाई. मी घरी जाऊन…"

"घरी जाऊन काय करतंस ते मना ठावं हाय. तुज्या गालावर दिसतं. पेनाऱ्या पोराची आई हायेस ना? बस."

ते आग्रहाचं बोलणं नव्हतं. अंबिका बसली. आपली समजूत काढताहेत, तिला वाटलं. नापास मुलाला मास्तर घरी बोलावून चहा देतात तसं. सरूबाई आपलं ताट घेऊन समोर बसल्या. दोघी जेवायला लागल्या. भात गरम होता. बोंबील कुरकुरीत होता. दुसऱ्या घासानंतर अंबिका मेल विसरली, चौथ्यानंतर सोमवार विसरली.

पाटावरून सान्वी बघत होती. भाताकडे नाही, आईच्या तोंडाकडे. हे तोंड तिला चांगलं माहीत होतं. ते गाणी म्हणे, पापे घेई, आ कर म्हणून स्वतःच मोठा आ करी. पण त्याच्यात घास जातो, ते मिटतं, चावतं, गिळतं आणि त्याला ते आवडतं, हे तिनं तेरा महिन्यांत एकदाच पाहिलं होतं, गच्चीवर, छत्रीखाली. सिंकपाशी उभ्या असलेल्या आईची तिला फक्त पाठ दिसायची, आणि यतीन रात्री जेवे तेव्हा ती झोपलेली असे.

ती पाटावरून उतरली. रांगत आली. आईच्या मांडीला टेकून बसली आणि पंजा ताटात घातला.

अंबिका वळून तिच्याकडे बघायला लागली. "तू जेव गं, तिच्याकडं बगू नको," सरूबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. एक घास त्यांनी स्वतः खाल्ला, चावताना मिटक्या मारल्या, आणि दुसरा सहज, बोलता बोलता, सान्वीपुढे धरला. तिनं तोंड उघडलं. गिळलं. आईच्या ताटातला एक, सरूबाईंच्या हातचा एक. वाटी कुणी मोजली नाही. वाटीपेक्षा जास्तच झाली असेल, निम्मी फ्रॉकवर धरली तरी.

"घरात कोन जेवताना दिसलंच न्हाय तिला," सरूबाई बोटं चाटत म्हणाल्या. "तिला वाटलं, तोंडात घ्यायचं आनि भायेर काडायचं, हाच खेळ हाय. तुमी तरी किती कवतिकानं खेळत व्हता."

अंबिकेला हसू आलं, आणि हसता हसता जे ती पिशवीत लपवत होती ते डोळ्यांतलं पाणीही आलं. सान्वीनं वर पाहिलं. आईला काहीतरी लागलंय. तिनं मुठीतला भात, चेंदामेंदा झालेला, लाळेत भिजलेला, नीट नेम धरून आईच्या तोंडात घातला, आणि आई गिळते की बाहेर काढते, ते बघत थांबली.

अंबिकेनं गिळला.

सत्त्वाचा डबा पुढे महिपतकाकांकडे गेला. त्यांना ॲसिडिटी होती. रोज सकाळी ताकातून घेतात आणि पोटाला थंड वाटतं म्हणतात. संपत आला की जिन्यात भेटून विचारतात, "यंदा अर्ज कधी देताय?"

एक तारखेला, सोमवारी, दुपारी एक वाजता अंधेरीच्या ऑफिसात अंबिकेचा कुर्ता दुधानं भिजला. घड्याळ न बघताही तिला कळलं की मोरव्याच्या पडवीत आता ओळ बसली असेल. तिनं ओढणी पुढे घेतली, हातातली फाईल बाजूला सारली आणि डबा उघडला. शेजारची म्हणाली, "अगं, उभ्याउभ्या दोन घास खाऊन घेऊ, साहेब बोलावताहेत." अंबिका म्हणाली, "थांबतील."

संध्याकाळी ती पडवीच्या पायरीवर टेकली, तेव्हा सान्वी धावत आली नाही, कारण तिला अजून चालता येत नव्हतं. पण ती इतक्या जोरात रांगली की तिच्या पायातला एक मोजा उंबऱ्यावरच सुटला. मग अंबिकेनं तिला ओढणीखाली घेतलं. सान्वी पीत होती. तिच्या हनुवटीला वाळलेलं एक भाताचं शीत होतं. बोटं आईच्या बोटाभोवती घट्ट होती, मग सैल झाली.

"जेवली का हो दिवसभरात?" अंबिकेनं विचारलं.

सरूबाई ताटं विसळत होत्या. त्यांनी उलट विचारलं, "तू जेवलीस?"

"जेवले."

"बसून?"

"बसून."

"मंग तीबी जेवली," सरूबाई म्हणाल्या, आणि ताट पालथं घातलं.